थिबा राजवाड्यातल्या लेकीबाळी

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर पाहुणे येतात, भेळ खातात आणि विचारतात, रत्नागिरीत बघण्यासारखं काय आहे हो? आमच्या गटातल्या बायका बोटांवर मोजून सांगतात: रत्नदुर्ग नि त्यातली भगवती, टिळकांचं जन्मघर, भागोजीशेठ कीरांनी १९३१ साली सर्व जातींसाठी बांधलेलं पतितपावन मंदिर, आणि थिबा राजवाडा. राजवाड्याची गोष्ट मात्र आपण अर्धीच सांगतो. राजा आला, राहिला, वारला. राजवाड्यातल्या बायकांचं काय झालं, ते आज सांगतो.

१८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये बोटीनं रत्नागिरी. इथेच का? तेव्हा रेल्वे नव्हती, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. राजाला ठेवायला यापरती आडबाजूची जागा कुठली! (बहादूरशहा जफरला त्यांनी आधीच रंगूनला नेऊन ठेवलं होतं. दोन्ही देशांचे राजे अदलाबदल करून टाकले म्हणा ना.)

राजाबरोबर दोन राण्या होत्या, सुपयालत आणि तिची धाकटी बहीण. थोरल्या दोन राजकन्या मंडालेत जन्मल्या, तिसरी वाटेत मद्रासला, आणि चौथी १८८७ मध्ये इथे रत्नागिरीत. म्हणजे राणी देश सोडून निघाली तेव्हा पोटुशी होती. हे कुठला गाईड सांगतो?

आज आपण बघतो तो राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. चोवीस वर्षं कुटुंब सरकारी बंगल्यांत राहिलं. लाल भिंती, अर्धगोल खिडक्या, समोर भाट्याची खाडी, सगळं देखणं. पण मुली कैदेतच वाढल्या. त्यांच्या तोलामोलाचं स्थळ रत्नागिरीत मिळणार कुठून?

धाकटी राणी १९१२ मध्ये गेली, राजा १९१६ मध्ये. राजाचा देह मायदेशी न्यावा म्हणून सुपयालत झगडली. सरकारनं ऐकलं नाही. १९१९ मध्ये ती मुलींना घेऊन परतली. राजाची आणि धाकट्या राणीची समाधी इथेच शिवाजीनगरात आहे. राजवाडा बघणारे तिथपर्यंत क्वचितच जातात.

थोरली राजकन्या मात्र परत आली. राजवाड्यावरचे दारवान गोपाळ सावंत यांच्यापासून तिला एक मुलगी झाली होती, टुटू. लोक या गोष्टीला प्रेमकहाणी म्हणतात. आम्हाला तसं म्हणवत नाही. सावंतांचा संसार आधीच होता, आणि राजकन्येचे दिवस इथे हलाखीत गेले. १९४७ साली ती वारली.

टुटूबाई रत्नागिरीकर झाल्या. शंकर पवारांशी लग्न केलं, मराठी बोलल्या, मुलंबाळं वाढवली. राजाची नात, पण गोवऱ्या थापून विकल्या, कागदाची फुलं केली. आपल्या गटात असत्या तर हिशोबाच्या वहीत त्यांचंही नाव असतं, आणि हप्ता कधी चुकला नसता असं आम्हाला वाटतं. २००० साली त्या गेल्या.

पुढे २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले आणि थिबाच्या समाधीसमोर उभे राहिले. टुटूबाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.