खोरासानचं मांजर आणि आपली फणी

लांब केसांचं मांजर कुणाच्या घरी आलं की आपल्या बायका दोन प्रश्न हमखास विचारतात. जैनाच्या घरी मांजर चालतं का? आणि ते तर दिवसभर आपलं अंग चाटत बसतं, मग त्याला फणी कशाला? मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

1620 साली पिएत्रो देला वाले हा रोमचा प्रवासी इराणात इस्फहानला होता. मित्राला धाडलेल्या पत्रात त्यानं खोरासानातल्या मांजरांचं वर्णन केलं आहे. रंग करडा, पाठीवर गडद, पोटाकडं फिका. केस लांब, रेशमासारखे मऊ. शेपूट खारीसारखी पाठीवर टाकलेली. चार जोड्या इटलीला न्यायचा त्याचा बेत होता. पोर्तुगीजांनी अशी मांजरं इराणातून हिंदुस्थानात नेल्याचंही तो लिहितो. आणि पोर्तुगीजांचं इकडचं मुख्य ठाणं म्हणजे आपल्या घाटाखालचं गोवा!

खोरासानची हवा कोरडी, हिवाळा कडक. तिथं हे केस म्हणजे घोंगडंच. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तेच केस ओलसर राहतात, आतली लव गळते ती वरच्या केसांत अडकते आणि गुंता होतो. कानामागं, काखेत, पोटावर, मागच्या मांड्यांवर आधी. गुंत्याची जट झाली की कातडी ओढली जाते, मांजराला चालतानाही दुखतं. जिभेनं ही जट सुटत नाही. उलट चाटलेले केस पोटात जातात आणि त्यांचा गोळा होतो.

शिवाय हे केस आपोआप टिकलेले नाहीत. लांब केसांचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लात दिसतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसानं निवडून जोड्या लावल्या. 13 जुलै 1871 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यानंतर केस आणखी दाट हवेत, चेहरा आणखी चपटा हवा, अशी चढाओढच लागली. चपट्या चेहऱ्याच्या मांजराचे डोळे सारखे पाझरतात, ते रोज ओल्या कापडानं पुसावे लागतात. पुढं वीअर स्वतःच या मंडळींतून बाहेर पडले. मांजराच्या भल्यापेक्षा बक्षिसांवरच सगळ्यांचा डोळा, ही त्यांची तक्रार होती.

ही तक्रार आपल्याकडं सात शतकं आधी नोंदलेली आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य धंदे सांगितले, त्यांत पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पोसणं येतं. ‘पैशासाठी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यांतला एक अतिभारारोपण. आपण बैलाच्या पाठीवरचं ओझंच धरतो. हौसेपायी मांजराच्या अंगावर वाढवलेले केसही ओझंच की! म्हणून माझं मत असं, की विकायला पिल्लं काढणं आपलं काम नव्हे. पण आलेल्या जिवाचे केस रोज विंचरणं हे आपलंच काम.

असं काम करणारा माणूस देला वालेनंच पाहिला होता. 1623 साली तो खंभातला आला. (बायको वाटेत वारली होती, तिचं शव मसाल्यात जपून तो ते बरोबर घेऊन हिंडत होता!) खंभातला त्याला पक्ष्यांचं रुग्णालय दिसलं, गुजरातेतल्या पांजरपोळांसारखंच. तिथं पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या उंदराच्या पोरक्या पिल्लांना पक्ष्याच्या पिसानं दूध पाजत होता. उंदराची पिल्लं बरं का, मांजराची नव्हे.

पिसवांचा प्रश्न आपल्याला जास्त टोचतो. मुनिमहाराज दोन ते चार महिन्यांनी केशलोच करतात, त्यामागं केसांत जीव होऊ नयेत हाही विचार आहे. मांजरालाही रोज बारीक दातांची फणी फिरवली, अंथरूण धुऊन उन्हात टाकलं, तर पिसवा बोकाळत नाहीत आणि औषधानं मारायची वेळ कमी येते. तरी झाल्याच तर डॉक्टरांना विचारा. कुत्र्याचं औषध मांजराला अजिबात लावू नका. त्यातल्या पर्मेथ्रिननं मांजर दगावतं. आणि जट कात्रीनं कापू नका, चिमटीत कातडी कधी आली ते कळत नाही. बोटांनी, टोकाकडून, थोडी थोडी सोडवायची. लहानपणी आईनं आपले केस सोडवले तशी.

राहिली शी-सू. पूर्वी लोक वाळू नाही तर राख ठेवायचे. 1947 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एका शेजारणीची वाळू थंडीनं गोठली, राखेनं घरभर पावलं उमटायची. एडवर्ड लो यांनी तिला भाजलेल्या चिकणमातीचे खडे दिले आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपली मुलतानी मातीच, जिनं आपण न्हातो. लांब केसांच्या मांजराला मात्र तिचे खडे मागच्या केसांत चिकटतात. तेवढे केस बेतानं कमी करून घ्यावेत, आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच.