हजार वारांवरचा नेम

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. फळीवर रांगेने फुगे लावलेले असतात, आपण चार हातांवर उभे असतो, आणि तरीही पाच गोळ्यांत दोन फुगे वाचतातच. मग आपण बंदुकीला दोष देतो, फुगेवाल्याला दोष देतो आणि हसत हसत पुढे जातो. आता अशी कल्पना करा की तो फुगा चार हातांवर नाही, हजार वारांवर आहे. वार म्हणजे यार्ड, तीन फुटांचा. हजार वार म्हणजे तीन हजार फूट. किलोमीटरला थोडेच कमी. गावच्या पारावर पडून शेजारच्या वाडीच्या वेशीवरची वस्तू टिपायची, असाच हा प्रकार. असा नेम धरण्याची एक मोठी स्पर्धा दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत झाली. तिची हकीगत आज सांगायची आहे. कोण जिंकले यापेक्षा जिंकणाऱ्यांनी तयारी कशी केली आणि हरणारे कशाने हरले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. इंग्लंडमध्ये १८५९–६० च्या सुमारास स्वयंसेवक सैनिकांना नेमबाजी शिकवण्यासाठी राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने पहिली गोळी झाडून वार्षिक स्पर्धेचे उद्घाटन केले. आज आपण विंबल्डन म्हटले की टेनिस म्हणतो. पण तिथे टेनिसच्या चेंडूआधी बंदुकीची गोळी उडाली आहे. याच माळावर एल्को ढाल नावाच्या बक्षिसासाठी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचे संघ ८००, ९०० आणि १००० वारांवरून झुंजत. १८७३ साली आयर्लंडच्या संघाने ही ढाल प्रथमच जिंकली. विजयाचा आनंद मोठा होता. आर्थर ब्लेनरहॅसेट लीच या आयरिश गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातून अमेरिकेतल्या नेमबाजांना जाहीर आव्हान दिले : या, आमच्याशी सामना खेळा.

अमेरिका म्हणजे बंदुकीचा देश अशी आपली समजूत असते. पण त्या वेळची स्थिती निराळी होती. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात शहरांतून भरती झालेल्या पुष्कळ शिपायांना बंदूक भरता येई, उडवता येई. पण नेम धरणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. ही उणीव ज्यांच्या मनाला लागली त्यांत दोघे प्रमुख होते. एक विल्यम कॉनंट चर्च, सैन्यविषयक पत्राचे संपादक. दुसरे जॉर्ज विंगेट, वकिली करणारे आणि युद्धात काम केलेले. या मंडळींनी १८७१ साली अमेरिकेतही राष्ट्रीय रायफल संघ काढला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड घराण्याची शेतजमीन विकत घेतली. जमीन सपाट, ओसाड, इंग्लंडातल्या माळासारखी. म्हणून नाव पडले क्रीडमूर. १८७३ साली तेथे चांदमारीचे मैदान सुरू झाले.

म्हणजे पाहा, आव्हान आले तेव्हा मैदान काही महिन्यांचे होते. न्यूयॉर्कच्या हौशी नेमबाजांचा एक लहानसा क्लब होता, त्याने आव्हान स्वीकारले. पण त्या सभासदांना लांब पल्ल्याची सवय जवळजवळ नव्हतीच. हजार वारांवर नेम धरता येईल अशी रायफलदेखील देशात तयार मिळत नव्हती. समोर होते एल्को ढालीचे विजेते. अमेरिकेत असताना हसे झाले तर ते सगळ्या जगापुढे होणार होते.

मग तयारी सुरू झाली. हा भाग शिक्षक मंडळींनी जरा लक्ष देऊन वाचावा.

पहिली गोष्ट हत्याराची. आयरिश नेमबाज डब्लिनच्या रिग्बी कारखान्याच्या रायफली वापरत. या ठासणीच्या बंदुका, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची. कारखान्याचे जॉन रिग्बी स्वतःच संघात होते. लांबच्या नेमाला ठासणीचीच बंदूक खरी, मागून काडतूस भरायची बंदूक तितकी अचूक नाही, असे त्या काळच्या जाणकारांचे मत होते. अमेरिकेतल्या रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन कारखान्यांनी मात्र मागून भरायच्या रायफली या सामन्यासाठी मुद्दाम तयार केल्या. नियम कडक होते. रायफलीचे वजन दहा पौंडांपेक्षा अधिक नको, घोडा तीन पौंडांपेक्षा हलका नको, दुर्बिणीचा नेम नको, टेकू नको. माणसाने स्वतःच्या अंगावरच बंदूक तोलायची.

दुसरी गोष्ट गणिताची. रायफलीच्या पुढच्या टोकाला माशी असते आणि मागे नेम पाहायचे छिद्र असते. या दोहोंतले अंतर त्या रायफलींत सुमारे एक वार होते आणि निशाण हजार वारांवर. म्हणजे प्रमाण एकास हजार. मागचे छिद्र इंचाच्या शंभराव्या हिश्श्याने सरकले, तर निशाणावर गोळी दहा इंच सरकणार! वर्गात आपण समरूप त्रिकोण शिकवतो तेव्हा मुले विचारतात, याचा उपयोग काय? त्यांना हे उदाहरण जरूर सांगावे. त्या नेमबाजांच्या रायफलीवर छिद्र वरखाली सरकवण्यासाठी बारीक मापपट्टी होती, वाऱ्यासाठी आडवे सरकवण्याची सोय होती आणि बंदूक एका बाजूला कलते की काय ते दाखवणारी गवंड्याच्या लेव्हलसारखी बुडबुड्याची नळीही होती. आणखी असे, की गोळी काही सरळ रेषेत जात नाही. तिला पोचायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागे, आणि वाटेत ती नारळाच्या शेंड्याइतकी उंच कमान घेऊन खाली उतरे. एवढ्या वेळात वारा तिला कित्येक फूट बाजूला नेऊ शकतो. म्हणून निशाणाकडे पाहण्याआधी झेंड्याकडे पाहायचे, गवताकडे पाहायचे, उन्हाच्या झळांकडे पाहायचे. आपला शेतकरी उपणणीच्या वेळी वाऱ्याचा जसा अंदाज घेतो, अगदी तसेच.

तिसरी गोष्ट सरावाची. विंगेट यांनी रायफल सरावाचे एक पुस्तकच लिहिले होते. त्यातली शिस्त अशी : आधी गोळी नाहीच. आधी बंदूक धरायला शिका, गाल दस्त्यावर कसा टेकवायचा ते शिका, श्वास कुठे थांबवायचा ते शिका. रिकाम्या बंदुकीने नेम धरा आणि घोडा असा दाबा की माशी जागची हलता कामा नये. या जुन्या शिक्षणात मेणबत्तीचा एक सराव असे. पुढे मेणबत्ती लावायची, बंदुकीत गोळी न घालता नुसती टोपी उडवायची. नेम बरोबर असेल तर त्या हवेच्या झोताने ज्योत विझते. खर्च जवळजवळ नाही, धोका नाही, आणि चूक झाली तर ज्योत जळत राहून ती दाखवते. गुरुजींच्या छडीपेक्षा ही मेणबत्ती बरी, नाही का?

असा सराव, मग चाचणीचे सामने, आणि त्यांतून निवडलेले सहा जण. त्यांपैकी तिघांनी रेमिंग्टन घेतली, तिघांनी शार्प्स.

२६ सप्टेंबर १८७४ हा सामन्याचा दिवस. क्रीडमूरवर हजारो माणसे लोटली. नियम असा : प्रत्येकाने ८००, ९०० आणि १००० वारांवरून प्रत्येकी पंधरा गोळ्या झाडायच्या. निशाण लोखंडी पत्र्याचे, मधे तीन फुटी काळा चौकोन. त्यात गोळी लागली तर चार गुण, त्याबाहेरच्या भागात तीन, कडेच्या भागात दोन. एका माणसाचे पुरे गुण १८०, संघाचे १०८०.

८०० वारांवर अमेरिकेचे ३२६ गुण झाले, आयर्लंडचे ३१७. नऊ गुणांची आघाडी! लोक खूश. पण ९०० वारांवर आयर्लंडने ३१२ मिळवले, अमेरिकेने ३१०. आघाडी सातावर आली. मग हजार वारांचा शेवटचा टप्पा. इथे आयरिश मंडळींचा अनुभव दिसू लागला. एकेक गुण करीत त्यांनी अंतर कापले. त्यांच्या सगळ्या गोळ्या संपल्या तेव्हा त्यांची बेरीज होती ९३१. अमेरिकेची ९३०. आणि अमेरिकेची एकच गोळी शिल्लक.

ती झाडायची होती कर्नल जॉन बोडाइन यांना. संघातले हे वडीलधारे गृहस्थ. त्यांना लोक भरवशाचा माणूस म्हणूनच ओळखत. पण थोड्याच वेळापूर्वी एक अपघात झाला होता. तहान लागली म्हणून जिंजर बिअरची बाटली उघडताना ती फुटली आणि काचेने त्यांचा हात कापला. हाताला रुमाल गुंडाळून, रक्त येत असतानाच ते आडवे पडले. गोळी निशाणाला कुठेही लागली तरी सामना जिंकला. चुकली तर हरला. हजारो माणसे गप्प झाली. बार झाला. धूर उठला. तीन सेकंद, चार सेकंद... आणि लांबून लोखंडावर गोळी आपटल्याचा आवाज आला. मागोमाग पांढरी तबकडी वर झाली. मधला चौकोन, चार गुण! अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

पुस्तकांत बोडाइनची ही गोळी फार गाजली आहे. पण वाचकहो, मला त्या दिवसाची दुसरीच एक गोळी विसरता येत नाही. आयर्लंडच्या संघात मिल्नर नावाचे नेमबाज होते. त्यांची एक गोळी अगदी मधल्या चौकोनात बसली. पण ते निशाण त्यांचे नव्हते, शेजारचे होते! नियमाप्रमाणे गुण शून्य. आता हिशेब करून पाहा. ९३१ मध्ये ते चार मिळवा : ९३५ होतात. म्हणजे हात चुकला नाही, डोळा चुकला नाही, वारा चुकला नाही. एवढे सगळे साधूनही, आपण कुणाकडे नेम धरला आहे हे एकदा पाहून घ्यायचे राहिले, आणि समुद्र ओलांडून आलेला संघ हरला.

आयरिश मंडळींनी हार मोठ्या मनाने घेतली. लीच यांनी याच भेटीत अमेरिकन नेमबाजांना चांदीचे पात्र भेट दिले, आणि त्यासाठी पुढे कितीतरी वर्षे स्पर्धा होत राहिल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा संघ आयर्लंडला गेला आणि तिथेही जिंकला. क्रीडमूरवरची नेमबाजी मात्र पुढे संपली. भोवती न्यूयॉर्क शहर वाढले आणि त्या जागी मनोरुग्णांचे इस्पितळ उभे राहिले. नाव तेवढे उरले आहे. २००७ साली निघालेल्या एका काडतुसालाही ते दिलेले आहे.

आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. शिक्षकाच्या घरातला मुलगा, खेड्यातून आलेला. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरायचा. तोच श्वास, तोच घोडा, तीच चिकाटी. हत्यारे बदलली, तयारीची रीत बदलली नाही.

आणि शेवटी एक माझी स्वतःची चूक. मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि काही वर्षे राष्ट्रीय छात्र सेनेच्या मुलांबरोबर चांदमारीलाही जात असे. एकदा खेड्यातून आलेल्या एका मुलाच्या निशाणावर एकही भोक सापडले नाही. शेजाऱ्याच्या कागदावर मात्र पाचाऐवजी दहा भोके होती. मुले हसली. मीही हसलो, शिवाय चार शब्द बोललो. तो मुलगा पुढे परेडला आला नाही. त्या पाच गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसल्या होत्या, हे मी पाहिले होते; पण बोललो नाही. गोळी झाडण्याआधी आपल्या निशाणाचा नंबर मोठ्याने म्हणायचा, एवढी साधी गोष्ट मी त्याला शिकवली नव्हती. पुढे क्रीडमूरची हकीगत वाचताना मिल्नरच्या गोळीपाशी आलो आणि पुस्तक मिटून बसलो. मिल्नर तर विजेत्या संघातला जाणता नेमबाज. आमचा पोरगा तर पहिल्यांदाच मैदानावर आलेला.

तेव्हा शिक्षकमित्रांना एवढेच सांगणे आहे. मुलाचे उत्तर चुकले तर उत्तराच्या शेजारीही पाहावे. कदाचित त्याचा हात स्थिर असेल, डोळा चांगला असेल, आणि निशाण कोणते ते सांगायचे आपलेच राहून गेले असेल.