दासगावातून सॅक्रामेंटो : एका रात्रीचा घटनाक्रम

शनिवार, 29 एप्रिल 2023, सकाळी आठ

सॅन फ्रान्सिस्कोत अजून शुक्रवारची रात्र. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, सॅक्रामेंटो किंग्जने गोल्डन स्टेट वॉरियर्सला त्यांच्याच मैदानात 118-99 असं लोळवलं आणि मालिका 3-3 अशी बरोबरीत आणली. सातवा, शेवटचा सामना सॅक्रामेंटोत. आपटी खायची वेळ जवळ आली की आधी असा एखादा दणदणीत विजय हमखास पदरात पडतो.

दासगावात या बातमीने हरखलेला माणूस बहुधा एकच, माझा भाचा. महाडच्या एमआयडीसीत नोकरी, नाईट शिफ्टमुळे रात्री जागायची सवय, आणि त्या सवयीतून लागलेलं अमेरिकन बास्केटबॉलचं वेड. सामना आपल्याकडे 1 मे लागल्यावर रात्री एक वाजता. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, कंपनीला सुट्टी. "मामा, योग बघा," तो म्हणाला. मला तेव्हाच धास्ती वाटली. जुगार खेळणाऱ्याला योग दिसायला लागले की समजावं, हिशेब संपला.

रविवार, 30 एप्रिल, दुपारी चार

पण हिशेब होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. किंग्ज हंगामात पश्चिम विभागात तिसरे, वॉरियर्स सहावे. तरी मालिका सुरू होण्याआधीच सट्टेबाजांनी पसंती दिली ती वॉरियर्सना. गतविजेता संघ, स्टीफन करीचं नाव, जगभर पसरलेले चाहते. लोक नावावर पैसे लावतात, बुकी त्या पैशाच्या ओझ्याप्रमाणे भाव हलवतो, आणि मग ज्या संघाकडे कोणी बघत नाही त्याचा भाव त्याच्या ताकदीपेक्षा चढा मिळतो. त्यातून तो संघ घरच्या मैदानावर असेल तर जाणते लोक तिथेच हात मारतात. घरच्या, कमजोर मानलेल्या संघावर पैसे लावायची सगळी विद्या एवढीच.

"वॉरियर्स बाहेरगावी गेले की मांजर होतात," भाचा म्हणाला. "41 पैकी 11 जिंकलेत फक्त."

आकडा खरा होता. त्या हंगामात वॉरियर्सचा परगावचा हिशेब 11 विजय, 30 पराभव. मी विचारलं, "मग पाचवा सामना?" तो सॅक्रामेंटोतच झाला होता आणि वॉरियर्सनी 123-116 असा जिंकला होता. भाच्याने चहाचा कप उचलला आणि विषय दुसरीकडे नेला.

रात्री नऊ

फोनवरच्या कुठल्याशा ॲपवर त्याने किंग्जवर पैसे लावले. किती, ते मला सांगितलं नाही. ताईला तर पत्ताच नव्हता. जुगाराला बंदी घालणारा मुंबई इलाख्याचा कायदा 1887 चा, पण जुगार थांबला नाही, फक्त सोपा झाला. मटक्याचा आकडा लावायला पूर्वी निदान टपरीपर्यंत चालत जावं लागे, कोणीतरी ओळखीचं बघेल म्हणून मान खाली घालावी लागे. आता ओटीवर बसल्या बसल्या अंगठा टेकला की झालं, शेजारी बसलेल्या मामालाही कळत नाही.

रात्री अकरा

जेवणं आटोपल्यावर त्याने हुकमाचा पत्ता काढला : "किंग्जचा मालक आपला माणूस आहे." विवेक रणदिवे. मुंबईत, जुहूला वाढलेले, एमआयटीत शिकलेले, सॉफ्टवेअर कंपनी काढून श्रीमंत झालेले. आधी याच वॉरियर्सचे भागीदार. 2013 मध्ये किंग्ज सिएटलला जायच्या बेतात असताना त्यांच्या गटाने संघ विकत घेऊन सॅक्रामेंटोतच ठेवला. गंमत म्हणजे कोच माइक ब्राउनही आदल्या हंगामापर्यंत वॉरियर्सचा साहाय्यक कोच.

रणदिव्यांचं नाव दुबळ्यांच्या बाजूने आधीही गाजलं होतं. शाळकरी वयाच्या मुलीच्या बास्केटबॉल संघाचे ते कोच होते. पोरींना धड नेम धरता येत नव्हता, म्हणून त्यांनी संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला घेरायचं तंत्र लावलं आणि स्पर्धेत कुठल्या कुठे मजल मारली. माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 मध्ये न्यूयॉर्करमध्ये त्यावर लेख लिहिला.

हे सगळं छान. पण याच मालकाने ऑक्टोबर 2019 मध्ये किंग्जना मुंबईत आणलं, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. भारतातला एनबीएचा तो पहिला सामना, शाळकरी पोरांनी भरलेलं स्टेडियम, आणि किंग्ज इंडियाना पेसर्सकडून जादा वेळेत 132-131 असे हरले. माहेरी येऊनही एका गुणाने. हे मी बोललो नाही. पैसे तर लागून गेले होते.

1 मे, रात्री एक

सामना सुरू. सॅक्रामेंटो म्हणजे 2006 नंतर सोळा हंगाम प्लेऑफचं तोंड न पाहिलेलं गाव, सगळं जांभळ्या रंगात, आणि प्रेक्षकांच्या हातात गुरांच्या गळ्यातल्या घंटा. त्यांच्या शहराला कोणीतरी गुराख्यांचं गाव म्हणून हिणवलं होतं, तर त्यांनी घंटाच वाजवायला घेतल्या. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो गलका आमच्या पडवीत आला तेव्हा गोठ्यातली गाय खरोखर उठून उभी राहिली.

सव्वादोनच्या सुमारास

मध्यंतर. किंग्ज 58, वॉरियर्स 56. भाचा अंगणात येरझारा घालत होता. हायवेवरून एखादा ट्रक गेला की क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा, आणि तो हसत असायचा. माणूस सापडतो तो इथेच. दोन गुणांची आघाडी म्हणजे काहीच नाही, पण पैसे लावलेल्याला ती अर्धी रक्कम हातात आल्यासारखी वाटते.

किंग्जच्या डीअॅरन फॉक्सच्या डाव्या तर्जनीला चौथ्या सामन्यापासून फ्रॅक्चर होतं. तो डावखुरा. हे भाच्यालाही ठाऊक होतं, साऱ्या जगाला ठाऊक होतं.

पावणेतीन ते तीन

तिसरा क्वार्टर. वॉरियर्स 35, किंग्ज 23. लोक करीचं नाव घेतात, पण घात केला वॉरियर्सच्याच केव्हॉन लूनीने. करीचा किंवा त्याचा सहकारी थॉम्प्सनचा नेम चुकला की चेंडू पुन्हा लूनीच्याच हातात. रात्रभरात 21 रिबाउंड. किंग्जने एकदा बचाव करावा, तर त्यांना तोच बचाव लगेच दुसऱ्यांदा करावा लागे. भाचा आता बसला होता. फलक 91-81.

साडेतीनच्या सुमारास

मग करी. पन्नास गुण. सातव्या सामन्यात एवढे गुण एनबीएच्या इतिहासात कोणी केले नव्हते. आधीचा विक्रम केविन ड्युरँटचा, 2021 मधला, 48 चा. फॉक्सने 19 वेळा नेम धरला, पाच वेळा चेंडू जाळीत गेला. घंटा केव्हाच थांबल्या होत्या. 120-100. वीस गुणांनी.

भाच्याचा तर्क मी अजूनही चुकीचा म्हणणार नाही. चढा भाव मिळाला म्हणून लावलेला पैसा शंभर रात्री लावला तर कदाचित फायद्यात जाईल. त्याच्याकडे एकच रात्र होती आणि एकच पगार.

सकाळी सात

शाळेत झेंडावंदन. ताईने त्याला उठवायला दोनदा हाक मारली. "रात्री काय जागत होतात दोघं?" मी म्हटलं, "मॅच होती." "कोण जिंकलं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पाणी तापवायला गेली.

नंतर

पुढच्या वर्षी, 16 एप्रिल 2024 ला, त्याच मैदानात, त्याच वॉरियर्सना किंग्जने 118-94 असं धुतलं आणि हंगामाबाहेर काढलं. भाच्याने त्या दिवशी काही लावलं नव्हतं. त्याचं जुनं देणं फिटायचं होतं. तीन दिवसांनी न्यू ऑर्लिन्सच्या संघाने किंग्जनाही घरी पाठवलं.