वसाहतीचा खेळ आणि नागपूरची वस्ती

मेजाभोंवतीं चार-सहा मित्र बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे कल्पित पात्रांच्या तोंडानें बोलतात, आणि फांशांच्या कौलावर अज्ञात प्रदेश धुंडाळून तेथें वस्ती करितात, असा एक खेळ हल्लीं सुशिक्षित तरुणांत खेळला जातो. पोरखेळ म्हणून त्याला नाक मुरडण्याचें कारण नाहीं. नाटकाप्रमाणें ह्यालाही संविधानक लागतें, आणि तें रचणाराला इतिहासाची गरज पडते.

हा प्रकार अमेरिकेंत १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या खेळानें रूढ केला. वसाहतीचा विषय क्लाउस टॉयबर या जर्मन गृहस्थानें १९९५ सालीं ‘कॅटन’ ह्या पटावरील खेळांत लोकप्रिय केला. त्या पटावरील बेटांत जंगल, कुरण, डोंगर सर्व कांहीं आहे. परंतु खेळाडूंपूर्वींचा रहिवासी म्हणून काय तो एक लुटारू वाळवंटांत बसलेला! आमचा आक्षेप येथेंच आहे. ज्या भूमीला आपण नवी म्हणतों, ती बहुधा दुसऱ्या कोणाची तरी जुनी भूमि असते. ह्याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. नागपूरचाच इतिहास पुरे आहे.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद हा औरंगजेबाच्या दरबारीं जाऊन आला होता. त्यानें १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा नांवाच्या बारा लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसविलें. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानें १८२७ च्या आपल्या अहवालांत ह्या राजाची स्तुति केली आहे, ती ह्यासाठीं कीं, त्यानें हिंदु-मुसलमान असा भेद न करितां कर्तबगार माणसें पदरीं ठेविलीं आणि चोहोंकडून उद्योगी रयत गोंडवनांत आणिली. म्हणजे येथें वसाहत करणारा पाहुणा असून, त्याला बोलावणारा यजमान त्या भूमीचाच होता.

दक्षिणेकडे चांद्याच्या गोंड राजांची रीत तर खेळाच्या नियमासारखीच स्पष्ट सांगतात: जो जंगल तोडील त्याला सनद, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालीं भिजणारी जमीन. ह्या नियमांतील मर्म पाण्यांत आहे. पावसानें मध्येंच ओढ दिली कीं धान करपतें. तलाव तो खंड भरून काढतो. म्हणूनच भंडाऱ्याकडील कोहळी लोक तलाव बांधण्यांत नांवाजले. बंधारा घालणें हें एकट्याचें काम नव्हे. तेथें फांसा कितीही अनुकूल पडला तरी गांव एक झाल्यावांचून पाणी अडत नाहीं.

परंतु यजमानाचें पुढें काय झालें? १७३९ सालीं चांद सुलतान वारला. गादीचा तंटा लागला, त्याच्या विधवेनें वऱ्हाडांतून रघूजी भोसल्यांना साहाय्यार्थ बोलाविलें, आणि थोड्याच वर्षांत सत्ता भोसल्यांकडे जाऊन गोंड राजाकडे केवळ पदवी व तनखा राहिला. १८५४ सालीं इंग्रजांनीं भोसल्यांचेंही राज्य खालसा केलें. पुढील बंदोबस्तांत मालगुजारांना गांवांची मालकी मिळाली. काळी, सकस जमीन नांगराखालीं गेली, आणि ज्यांच्या राजानें नांगर बोलाविला होता ते गोंड बहुतांशीं डोंगर-जंगलांकडे सरले.

आज नागपूरच्या पूर्वेस कळमन्याच्या बाजारांत धान्याच्या, मिरच्यांच्या आणि संत्र्यांच्या राशी पडतात. ती समृद्धि खरी आहे, आणि ती कष्टानें मिळविलेली आहे, हें आम्हांस मान्य आहे. मात्र त्या राशींचा हिशेब मांडतांना पहिलें बोलावणें कोणाचें होतें हें विसरूं नये.

म्हणून असा खेळ रचणाऱ्या तरुणांस आमची एवढीच सूचना आहे. मूळच्या रहिवाशाला पटावरील सोंगटी किंवा लुटारू करूं नका. त्याला मेजाशीं एक जागा द्या, आणि आपल्या भूमींत कोणाला, कोणत्या अटीवर येऊं द्यावें, हें ठरविण्याचा पहिला डाव त्याचा असूं द्या. शेवटीं जय मोजतांना वसविलेल्या गांवांबरोबर त्या यजमानाचें घर उभें आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. असा खेळ जिंकणें कठीण जाईल; पण त्यांत आमच्या प्रांताचा इतिहास आमच्या मुलांना अधिक खरेपणानें कळेल.