पडद्यावरील देवनागरी : उच्चारक्रम आणि दृश्यक्रम

माजरी, चंद्रपूर, गडचिरोली ही स्थलनामे कागदावर लिहिताना कोणताही सैद्धांतिक प्रश्न उद्भवत नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र त्यांची प्रकृती वेगवेगळी ठरते. ‘माजरी’तील पाचही चिन्हे उच्चाराच्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे येतात. ‘चंद्रपूर’मध्ये ‘द’ आणि ‘र’ यांच्या संयोगातून एक नवी आकृती सिद्ध होते. ‘गडचिरोली’तील ऱ्हस्व इकार उच्चारात ‘च’च्या नंतर, तर आकृतीत त्याच्या आधी येतो. उच्चारक्रम आणि दृश्यक्रम यांतील हा भेद कसा सोडवला गेला, हाच पडद्यावरील देवनागरीच्या घडणीचा इतिहास होय.

शिसाच्या खिळ्यांच्या काळात हा भेद जुळाऱ्याच्या हातात मिटत असे. वाचकापर्यंत केवळ पूर्ण झालेली आकृती पोहोचत असे. टंकलेखन यंत्राने दृश्यक्रम स्वीकारला. वेलांटी आधी, अक्षर नंतर. आणि कळांची संख्या मर्यादित असल्याने अनेक संयुक्ताक्षरांची मोडतोड. पडद्याचे माध्यम या दोहोंहून भिन्न आहे, कारण ते प्रतिसाद देते. लिहिणाऱ्याच्या प्रत्येक कळीसरशी आकृती बदलते, आधीचे अक्षर सरकते, जोडले जाते. लेखन येथे वस्तू न राहता व्यवहार बनते.

या व्यवहाराचे नियम ठरवण्यात आयआयटी कानपूर आणि पुढे पुण्याचे सी-डॅक (स्थापना 1988) येथे विकसित झालेल्या ‘जिस्ट’ तंत्राचा वाटा मोठा होता. 1991 साली भारतीय मानक ठरलेल्या ‘इस्की’ संकेतप्रणालीने उच्चारक्रम प्रमाण मानला : साठवायचे ते ध्वनीच्या क्रमाने, दाखवायचे ते आकृतीच्या नियमाने. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या 1988 च्या आवृत्तीवर आधारली. मात्र 1990 च्या दशकातील छपाईव्यवसायात आकृत्यांनाच क्रमांक देणारे टंक रूढ होते. अशी संहिता तिच्या टंकावाचून निरर्थक चिन्हांची रांग ठरे. अर्थ आकृतीत असतो की तिच्यामागील क्रमात, हा चिन्हमीमांसेचा प्रश्न असा रोजच्या कामात उतरला होता.

र. कृ. जोशी (1936–2008) यांचे कार्य या संदर्भात महत्त्वाचे आहे. कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातील कलादिग्दर्शक आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक, अशा भूमिकांतून ते अक्षराकडे आले. त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक ‘विंडोज 2000’ बरोबर सर्वत्र पोहोचला. बोरूच्या जाड-बारीक रेषेचे संस्कार आणि पडद्यावरील ठिपक्यांची चौकट यांत येथे तडजोड अपरिहार्य होती. रोमन अक्षरांच्या उंचीनुसार आखलेल्या ओळीत शिरोरेखेवरील मात्रा आणि पायाखालचे उकारही बसवायचे होते.

या तडजोडीत मराठीचे वेगळेपण पणाला लागते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेद हिंदी लेखनाला अपरिचित आहे. तो दाखवणारी आकृती टंकात नसेल, तर समुद्र आणि डोंगरांमधली खोलगट जागा एकच होतात. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008 साली. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाच्या टंकांत हरवतात, तेव्हा अर्थ टिकतो. वाचनाची सवय मात्र बदलते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात हा प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरतो. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी रचलेल्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते 2017 साली, आणि गुंजाळा गोंडी लिपीला 2018 साली. देवनागरीतून गोंडी लिहिता येते, म्हणून स्वतंत्र लिपीची गरज नाही, हा युक्तिवाद मराठीला परका वाटू नये. रोमन लिपीच्या बाजूने तोच मराठीपुढेही मांडला जातो. संकेतात स्थान मिळाले तरी टंक, कळफलक आणि वाचक यांवाचून लिपी पडद्यावर वावरू शकत नाही. पडद्याची रचना करणारा म्हणूनच केवळ आकृती ठरवत नाही. कोणत्या भाषेचा कोणता भेद वाचनीय राहील, हेही तो ठरवतो. मराठी समीक्षेने आजवर संहितेचा विचार केला; संहिता ज्या क्रमाने साठवली आणि दाखवली जाते, तो क्रमही तिच्या विचाराचा विषय व्हायला हवा.