ट्रॅक शर्यतीच्या मोटारसायकलचे पर्यायी सस्पेन्शन

ट्रॅक शर्यतीच्या मोटारसायकलचे पर्यायी सस्पेन्शन म्हणजे कारखान्यातून आलेले पुढील फोर्क, स्प्रिंग व मागील शॉक ॲब्सॉर्बर पूर्णतः किंवा अंशतः काढून त्यांच्या जागी बसविलेले अन्य उत्पादकाचे अथवा मूळ उत्पादकाच्याच शर्यत विभागाचे भाग होत. बोलीभाषेत या भागांना 'आफ्टरमार्केट सस्पेन्शन' म्हणतात. हा खर्च कितपत सार्थकी लागतो, हे स्वाराचे वजन, त्याचा वेग, स्पर्धेच्या गटाचे नियम आणि सरावासाठी मिळणारा ट्रॅक यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण हा भारतातील दुचाकी उत्पादनाचा एक प्रमुख पट्टा आहे. बजाज ऑटोचे मुख्यालय आकुर्डी येथे असून कंपनीचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. २००७ मध्ये बजाज ऑटोने केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत भागभांडवल घेतले. त्यानंतर लहान क्षमतेच्या केटीएम मोटारसायकली चाकण येथे तयार होऊन भारतात व परदेशांत विकल्या जाऊ लागल्या. २०० ड्यूक ही मोटारसायकल जानेवारी २०१२ मध्ये, तर आरसी ३९० ही २०१४ मध्ये भारतीय बाजारात आली. शॉक ॲब्सॉर्बर व फोर्क बनविणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज आणि गॅब्रिएल इंडिया या कंपन्यांचे कारखानेही चाकण परिसरात आहेत.

आरसी ३९० चे उदाहरण

पहिल्या पिढीच्या आरसी ३९० मध्ये ३७३ घनसेंमी क्षमतेचे एक सिलिंडरचे इंजिन होते. पुढे डब्ल्यूपी या नाममुद्रेचे ४३ मिमी व्यासाचे उलटे फोर्क आणि मागे एकच शॉक ॲब्सॉर्बर होता. पुढील चाकाचा प्रवास १२५ मिमी, तर मागील चाकाचा १५० मिमी होता. फोर्कमध्ये स्वाराला फिरवता येईल अशी कोणतीही जुळवणी नव्हती. मागील शॉकवर केवळ स्प्रिंगचा पूर्वदाब बदलता येत असे.

ही मोटारसायकल अनेक देशांत नवोदित स्वारांच्या एक-नमुना स्पर्धांत वापरली गेली. २०१७ मध्ये जागतिक सुपरस्पोर्ट ३०० ही स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी केटीएमने २०१८ च्या हंगामात आरसी ३९० आर ही ५०० नगांपुरती मर्यादित आवृत्ती काढली. या आवृत्तीतील सर्वांत महत्त्वाच्या बदलांपैकी एक म्हणजे पूर्णतः जुळवता येणारे पुढील व मागील सस्पेन्शन. रस्त्यासाठी पुरेसे ठरलेले सस्पेन्शन त्या पातळीच्या शर्यतीला अपुरे आहे, हे उत्पादकाने या बदलातून प्रत्यक्ष मान्य केले होते.

रस्ता आणि ट्रॅक यांतील फरक

रस्त्यावरील मोटारसायकलचे सस्पेन्शन ही एक तडजोड असते. एकटा हलका स्वार, मागे बसलेली दुसरी व्यक्ती, खड्डे, गतिरोधक, पाऊस आणि वर्षानुवर्षे न बदललेले तेल या सर्व परिस्थितींत त्याने काम करावे लागते. ट्रॅकवर पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि स्वार एकच असतो; मात्र ब्रेक व वळणांमुळे येणारे भार मोठे असतात व ते प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा येतात.

उदाहरणार्थ, स्वारासह २४० किग्रॅ वजनाच्या, १.३४ मीटर चाकांतराच्या मोटारसायकलचा गुरुत्वमध्य ०.६५ मीटर उंचीवर आहे असे मानल्यास, ०.९ जी इतक्या मंदनाने ब्रेक लावताना सुमारे १०५ किग्रॅ भार मागील चाकावरून पुढील चाकावर सरकतो. फोर्कच्या प्रत्येक नळीत ७ न्यूटन प्रति मिमी कडकपणाची स्प्रिंग असल्यास या अतिरिक्त भाराने फोर्क सुमारे ७३ मिमी दबतो, ९.५ न्यूटन प्रति मिमीची असल्यास सुमारे ५४ मिमी. फोर्कचा कल, आतील हवा व तेल यांचा परिणाम येथे धरलेला नाही. स्वार बसल्यावर फोर्क मुळात ३५ मिमी दबलेला असेल, तर १२५ मिमी प्रवासापैकी पहिल्या स्थितीत केवळ १७ मिमी व दुसऱ्या स्थितीत ३६ मिमी शिल्लक राहतो. फोर्क तळाला टेकला की चाकावरील भार अचानक बदलतो, टायरची पकड सुटू शकते आणि स्वार पडण्याचा धोका निर्माण होतो.

घटक व त्यांचे कार्य

स्प्रिंग – भार पेलते. तिचा कडकपणा स्वाराच्या वजनाला अनुसरून निवडावा लागतो. पूर्वदाब वाढविल्याने मोटारसायकलची उंची बदलते. स्प्रिंग त्यामुळे कडक होत नाही. या दोन गोष्टींत वारंवार गल्लत केली जाते.

अवमंदन – स्प्रिंगची हालचाल तेलाच्या रोधाने आवरणे. दबतानाचे अवमंदन ब्रेक लावताना पुढचा भाग किती वेगाने खाली जातो ते ठरवते, तर उसळतानाचे अवमंदन स्प्रिंग परत किती वेगाने पसरते ते ठरवते. उसळतानाचे अवमंदन फार कमी असल्यास मोटारसायकल वळणात डोलते. फार जास्त असल्यास लागोपाठच्या उंचवट्यांवर सस्पेन्शन पूर्ण पसरत नाही आणि हळूहळू दबत जाते.

कार्ट्रिज – साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक आकाराच्या छिद्रांतून जाते. त्यामुळे संथ हालचालीत रोध कमी व वेगवान हालचालीत फार जास्त मिळतो. कार्ट्रिजमध्ये पातळ पोलादी चकत्यांची झडप असते. चकत्यांची संख्या व जाडी बदलून वेगवेगळ्या वेगांना हवा तसा रोध मिळवता येतो.

वायुदाब – शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेल तापले व त्यात फेस झाला की रोध घटतो. दाबाखालील नायट्रोजनमुळे फेस होण्यास आळा बसतो. वेगळी टाकी असलेल्या शॉकमध्ये तेल अधिक मावते व ते उशिरा तापते.

खर्च व उपयुक्तता

स्वीडनमधील ओलिन्स (स्थापना १९७६), केटीएम समूहातील डब्ल्यूपी, ब्रिटनमधील के-टेक व थायलंडमधील वायएसएस हे या क्षेत्रातील परिचित उत्पादक आहेत. आयात केलेल्या, पूर्णतः जुळवता येणाऱ्या संचाची किंमत लहान मोटारसायकलच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याइतकी होऊ शकते. त्यामुळे बदल सामान्यतः टप्प्याटप्प्याने केले जातात. प्रथम ताजे तेल व स्वारासह दबाव मोजून पूर्वदाबाची जुळवणी, नंतर वजनानुरूप स्प्रिंग, त्यानंतर मूळ फोर्कमध्ये बसणारे कार्ट्रिज किंवा मागील शॉक आणि शेवटी संपूर्ण संच असा क्रम असतो. पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च सर्वांत कमी असून नवोदित स्वाराला त्यांचाच लाभ सर्वाधिक मिळतो.

महागड्या संचाचा लाभ जुळवणीवर अवलंबून असतो. एका वेळी एकच बदल करून, टायरचा दाब कायम ठेवून, फेऱ्यांच्या वेळा नोंदवाव्या लागतात. भारतातील प्रमुख ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे होत. हे तिन्ही ट्रॅक चाकणपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत. परिणामी, ज्या पट्ट्यात मोटारसायकली तयार होतात तेथील हौशी स्वाराला त्या ट्रॅकवर नेणे, राहणे व टायर यांवरच मोठा खर्च करावा लागतो. ज्याच्या फेऱ्यांच्या वेळा अजून एकसारख्या येत नाहीत, त्याला सस्पेन्शनमधील सूक्ष्म बदलाचा परिणाम ओळखता येत नाही. अशा स्वाराला तोच पैसा टायर व सरावाच्या दिवसांवर खर्च करणे अधिक फायद्याचे ठरते.

शर्यतीच्या सस्पेन्शनची देखभाल किलोमीटरऐवजी वापराच्या तासांत मोजली जाते. तेल, सील व नायट्रोजन बदलण्याची सोय जवळ नसल्यास उत्तम संचही लवकर निकामी होतो.

नियम

भारतातील मोटार शर्यतींचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया करते. एक-नमुना स्पर्धांमध्ये सर्व स्वारांना आयोजकांनी ठरविलेलेच भाग वापरावे लागतात. तेथे स्वतःहून बसविलेले पर्यायी सस्पेन्शन स्पर्धकाला अपात्र ठरवू शकते. इतर गटांत कोणत्या बदलांना मुभा आहे, हे त्या हंगामाच्या तांत्रिक नियमावलीत दिलेले असते. सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांतील बदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्बंध आहेत.

अलीकडील बदल

कारखान्यातून येणाऱ्या मोटारसायकलींत जुळवणीची सोय वाढत आहे. २०२३ मध्ये भारतात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या ३९० ड्यूकमध्ये फोर्कचे दबतानाचे व उसळतानाचे अवमंदन, तसेच मागील शॉकचे उसळतानाचे अवमंदन व पूर्वदाब बदलता येतो. त्यामुळे पर्यायी भाग घेण्याआधी मूळ सस्पेन्शनची पूर्ण क्षमता वापरून पाहणे आता शक्य झाले आहे.