गाढवाखालून तीनदा: आयरिश घरांतले जुने इलाज

आज आपण जाणार आहोत आयर्लंडला, १९३७ सालात. तिथल्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मोठ्या मुलांना एक काम दिलं: घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते सांगतील ते वहीत उतरवा. १९३९ पर्यंत सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० हून जास्त मुलांनी लिहून दिलं. आज त्या वह्या ऑनलाइन वाचता येतात, आणि त्यात एक विषय सारखा भेटतो, तो म्हणजे घरगुती इलाज.

काही इलाज सरळ आहेत. नेटल नावाचं झोंबणारं झुडूप लागलं, तर डॉकचं पान चोळायचं. जखम वाहतेय, तर कोळ्याचं जाळं दाबून धरायचं. काही मात्र चक्रावून टाकतात. डांग्या खोकला झालेल्या पोराला गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढायचं. किंवा अशी बाई शोधायची, जिचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच आहे, आणि तिच्याकडून पोराला खायला मागून आणायचं.

गुरांचंही तसंच. जनावराच्या पोटात कळ आली, की त्याच्या पाठीवर दोरीची 'किड्याची गाठ' घालायची आणि ओढायची. सुटली तर जनावर वाचणार, अडकली तर अवघड.

हसू येतं ना? पण घरात गाई दोन-तीनच. एक मेली की दूध गेलं, वासरू गेलं, लोण्याचे पैसे गेले. पशुवैद्याची फी परवडायची नाही. इलाज 'असलेला' शेजारी बहुतेकदा पैसे घेत नसे. कित्येक ठिकाणी तर त्याचे आभारही मानायचे नाहीत, नाहीतर गुण येत नाही असा समज.

आता फर्मॅना परगण्यातलं बोहो हे गाव बघू. ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे त्या वह्यांच्या हद्दीबाहेर. तिथल्या चर्चच्या आवारातली माती फडक्यात बांधून उशीखाली ठेवायची आणि नंतर परत नेऊन टाकायची, अशी रीत. २०१८ मध्ये संशोधकांनी त्या भागातल्या मातीत स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूचा एक नवा प्रकार सापडल्याचं जाहीर केलं. प्रयोगशाळेत त्याने एमआरएसएसह काही चिवट जंतूंची वाढ रोखली.

मग पुरचुंडीने रोग बरा होतो हे सिद्ध झालं का? नाही. पण कुठली माती तपासायची, हे त्या समजुतीनेच सुचवलं. वह्यांतल्या पोरांनीही खरं-खोटं निवडत न बसता ऐकलं तसं लिहिलं. म्हणून तर आज तपासायला काहीतरी उरलंय.